रंग एक सांगतो, जागा दुसरंच

एका माणसाची दहा मापं घेतली की तो माणूस दहा मितींच्या अवकाशातला एक ठिपका होतो. संगणकाच्या वर्गात हे ऐकताना फार आधुनिक वाटतं. पण पुण्यात हे काम कागद, पेन्सिल आणि मापाचे चिमटे घेऊन झालेलं आहे. इरावती कर्वे 1939 पासून डेक्कन कॉलेजात होत्या. महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या जातीजमातींतल्या माणसांच्या डोक्याची, नाकाची, चेहऱ्याची मापं त्यांनी घेतली आणि अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांबरोबर त्यांचा अभ्यास 1951 मध्ये प्रसिद्ध केला.

माणसं मोजून त्यांचे गट पाडायच्या विद्येचा इतिहास चांगला नाही, हेही इथेच सांगून टाकतो. इरावतीबाईंनी डॉक्टरेट केली ती बर्लिनला, ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली. हे गृहस्थ वंशशास्त्राचे मोठे पुरस्कर्ते. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंत जो फरक असतो, त्याचा वंशाशी काही संबंध आहे का, हे बाईंनी कवट्या मोजून तपासलं आणि तसा संबंध दिसत नाही असं लिहून दिलं. तिथे, त्या काळात, हे लिहायला काय लागलं असेल!

इकडे त्यांचा प्रश्न निराळा होता. चित्पावन, देशस्थ, कऱ्हाडे या सगळ्या जाती ब्राह्मण म्हणवतात. कुंभार म्हणवणाऱ्याही अनेक जाती आहेत. मग या एकाच जुन्या खोडाच्या फांद्या, की मुळात वेगळे असलेले समूह एका नावाखाली गोळा झालेले? बाईंचं मत दुसऱ्या बाजूचं होतं. अशा गोळ्याला त्या इंग्रजीत ‘कास्ट-क्लस्टर’ म्हणत. त्यांचं उत्तर बरोबर की चूक यावर मानववंशशास्त्रज्ञांनी वाद घालावा. मला त्यातली पद्धत महत्त्वाची वाटते. समाजाने दिलेलं नाव म्हणजे ठिपक्याचा रंग, आणि मापांनी दिलं ते ठिपक्याचं ठिकाण. एकाच रंगाचे ठिपके दूरदूर पडले तर तिथे थांबायचं आणि विचारायचं की हे का.

दोन ठिपके जवळ की लांब हे ठरवायचं कसं, या प्रश्नाचा एक धागा नागपुरात सापडतो. 1920 च्या सायन्स काँग्रेसला प्रशांतचंद्र महालनोबिस, पुढे संख्याशास्त्रज्ञ म्हणून नावाजलेले, तिथे गेले होते. प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅनान्डेल यांनी त्यांना गाठलं आणि कलकत्त्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांची मापं माझ्याकडे पडून आहेत, त्यांचं गणित कराल का, असं विचारलं. तिथून सुरू झालेला विचार 1936 मध्ये एका सूत्रापाशी पोचला. आज सगळं जग त्याला महालनोबिस अंतर म्हणतं. त्यातली मेख सोपी आहे. उंच माणसाचे हातही सहसा लांब असतात. उंची आणि हाताची लांबी दोन्ही धरून अंतर काढलं, तर एकच गोष्ट दोनदा मोजली जाते. मापांचे आपसातले लागेबांधे आधी हिशेबात घ्या आणि मगच दुरावा मोजा, असं हे सूत्र सांगतं. पुढे 1948 मध्ये संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांनी संयुक्त प्रांतातल्या, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशातल्या, जातीजमातींची अनेक मापं दोन अक्षांवर उतरवून त्यांचा नकाशाच काढला. मिती कमी करणं आणि घोळके शोधणं या दोन गोष्टी आपल्याकडे अशा जवळपास जुळ्या जन्मल्या.

मिती कमी करणं म्हणजे नेमकं काय, हे पर्वतीवर उभं राहिलं की कळतं. वरून पाहिलं की मागच्या पेठेतली इमारत पुढच्या पेठेतल्या इमारतीला खेटून उभी असल्यासारखी दिसते. मधला रस्ता, मधला वाडा, सगळं गिळलं जातं. तिथून उतरून वेताळ टेकडीवर गेलात तर त्याच दोन इमारती सुट्या दिसतील आणि तिसऱ्याच दोन एकमेकींना चिकटतील. शहर तेच, आपण त्यातली एक दिशा गमावून चित्र मिळवलं. कुठली दिशा गमवायची, एवढाच काय तो प्रश्न.

कार्ल पिअर्सनने 1901 मध्ये या प्रश्नाला दिलेलं उत्तर आजही पहिलं शिकवतात: ज्या दिशेने ठिपके सर्वांत जास्त पसरलेत ती दिशा ठेवा, बाकीच्या सोडा. यालाच पीसीए, म्हणजे प्रिन्सिपल कंपोनंट अ‍ॅनालिसिस, म्हणतात. उत्तर देखणं आहे आणि बऱ्याचदा पुरतंही. पण पसारा म्हणजे फरक नव्हे. समजा दोन लांबलचक, चपटे घोळके एकमेकांना समांतर आडवे पडलेत. सगळ्यांत मोठा पसारा त्यांच्या लांबीचा. पीसीए तीच दिशा उचलणार, आणि दोन घोळक्यांना वेगळं करणारी ती बारीकशी फट नेमकी टाकलेल्या दिशेत जाणार. चित्रात एकच लांब पुंजका. वर्गात हे सहसा लक्षात येत नाही, कारण तिथे सगळे सरावाच्या एका ठरलेल्या संचावर, आयरिसच्या फुलांच्या मापांवर शिकतात. 150 फुलं, चार मापं, आणि दोन अक्षांत जवळपास 98 टक्के पसारा मावतो! इतकी सज्जन आकडेवारी पुन्हा आयुष्यात भेटत नाही.

मी दिवसा हिंजवडीत आकड्यांचंच काम करतो. त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. ग्राहकांचे गट पाडायचे, त्यांना गोंडस नावं द्यायची. पण सुट्टीच्या दिवशी शहरातल्या वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या एका संस्थेला हात देतो. त्यांनी घरोघर फिरून सर्वेक्षण केलेलं. पाणी किती तास येतं, कधी येतं, संडास घरात की सार्वजनिक, छप्पर पत्र्याचं की स्लॅबचं, कर्ज सावकाराचं की बचत गटाचं, घरातली बाई कामाला किती लांब जाते, मुलं कुठल्या शाळेत. चाळीस-पन्नास रकाने. एक वस्ती म्हणजे एक ओळ, म्हणजे एक ठिपका. संस्थेला हवं होतं ते असं: सारख्या अडचणींच्या वस्त्या एका गटात आणा, म्हणजे प्रत्येक गटासाठी एकेक कार्यक्रम आखता येईल.

मागणी रास्त आहे. आणि इथेच दोन वाटा फुटतात.

पहिली वाट: आधी चित्र काढा, मग चित्रावरच गट पाडा. हल्ली चित्र म्हटलं की टी-स्नी किंवा यूमॅप. टी-स्नी ही लॉरेन्स व्हॅन डर माटेन आणि जेफ्री हिंटन यांची 2008 मधली पद्धत; यूमॅप 2018 मधली. दोन्ही पद्धती शेजारधर्म पाळतात. मूळ अवकाशात जे तुमचे सख्खे शेजारी, ते चित्रातही तुमच्याजवळ राहतील याची काळजी घेतात. त्यामुळे चित्र फार मोहक येतं, बेटांसारखे सुटे सुटे पुंजके. पण शेजार सांभाळायच्या नादात लांबची नाती सैल सोडली जातात. टी-स्नीच्या चित्रात दोन बेटांमधलं अंतर किती, एखादं बेट केवढं मोठं, यावरून फारसं काही ठरवता येत नाही. दाट घोळका फुगवला जातो, विरळ घोळका आवळला जातो. त्यात ‘पर्प्लेक्सिटी’ नावाची एक खुंटी आहे, ढोबळमानाने किती शेजारी धरायचे ते सांगणारी. ती फार कमी ठेवली तर निव्वळ यादृच्छिक आकड्यांतही बेटं उगवतात. अशा चित्रावर गट पाडायला बसणं म्हणजे मूळ माहितीचे नव्हे तर चित्रकाराच्या सवयींचे गट पाडणं.

दुसरी वाट: आधी सगळ्या मितींत गट पाडा, प्रत्येक गटाला रंग द्या, आणि मग दोन मितींत रंगीत ठिपके उतरवा. ही वाट जास्त प्रामाणिक वाटते, तिच्यातही खड्डे आहेतच. मिती वाढत गेल्या की सगळेच ठिपके एकमेकांपासून जवळपास सारख्याच अंतरावर जायला लागतात. जवळचा आणि लांबचा यातला फरक पातळ होतो. शिवाय रकान्यांची माप-एककं. उत्पन्न रुपयांत, म्हणजे हजारांच्या घरात. नळ मोजले तर एक, दोन, शून्य. आकडे तसेच घातले तर रुपये बोलतात आणि नळ गप्प बसतात. म्हणून आधी सगळे रकाने एका मापावर आणायचे. तेही केलं, तरी छप्पर, भिंती, फरशी आणि खोल्या हे चार रकाने एकच गोष्ट सांगत असतात, घर पक्कं किती. महालनोबिसांचे लांब हात इथे वेगळ्या वेषात येतात.

आणि गट पाडणारं यंत्र कोण, तर बहुतेक वेळा के-मीन्स. स्टुअर्ट लॉईडने 1957 मध्ये बेल लॅब्जमध्ये ते लिहिलं आणि छापून आलं थेट 1982 मध्ये. तोवर ते सगळीकडे वापरून जुनंही झालं होतं. के-मीन्स फार आज्ञाधारक आहे. पाच गट मागा, पाच देईल. सात मागा, सात देईल. ‘अहो, इथे गट नाहीतच’ असं ते कधी म्हणत नाही. गट पाडणारं दुसरं यंत्र, 1996 मधलं डीबीस्कॅन, निदान काही ठिपक्यांना ‘हे कुणातच बसत नाहीत’ म्हणून बाजूला ठेवतं. माझ्या मते हा मोठा गुण आहे, पण अहवाल लिहिणाऱ्यांना तो अवगुण वाटतो. उरलेल्यांचं काय करायचं, असं ते विचारतात.

तिसरी, मधली वाट आज बरेच जण धरतात. पीसीएने पन्नासाच्या दहा-पंधरा मिती करायच्या, म्हणजे पुनरुक्ती आणि गोंगाट थोडा कमी होतो. गट तिथे पाडायचे. आणि डोळ्यांसाठी दोन मितींचं चित्र वेगळं काढायचं. पेशींच्या जनुकांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांमध्ये ही जवळपास रीतच होऊन बसली आहे. मीही तेच केलं. मग चित्रात काही ठिकाणी निळ्या घोळक्याच्या मधोमध एखादा भगवा ठिपका बसलेला दिसतो. नवख्याला वाटतं काहीतरी बिघडलं. मला विचाराल तर अख्ख्या पडद्यावर सर्वांत मोलाची जागा तीच. पंधरा मितींत झालेला निवाडा आणि दोन मितींत झालेला निवाडा तिथे पटत नाहीत. एक तर सपाट करताना काही दडपलं गेलंय, किंवा ती वस्ती खरोखरच दोन गटांच्या सीमेवर आहे. कुठलं, हे चित्र सांगत नाही. त्यासाठी तिथे जाऊन आलेलं माणूस लागतं.

असं माणूस संस्थेत होतं. वस्तीपातळीवर कित्येक वर्षं बचत गट चालवणाऱ्या एक ताई. मी लॅपटॉप फिरवून त्यांच्यासमोर ठेवला. थोडा वेळ नुसतं बघितलं त्यांनी, मग एका ठिपक्यावर बोट ठेवलं.

“दादा, ही आणि ती, दोन्ही इतक्या लांब का टाकल्यात?”

“मी नाही टाकल्या, ताई. मशीनने टाकल्या.”

“मग मशीनला सांगा ना. दोन्हीकडे एकच रडगाणं आहे. पाणी येतं नऊला, आणि बाया साडेसातलाच सोसायट्यांमध्ये धुणीभांडी करायला गेलेल्या असतात. पाणी भरायला मोठी मुलगी घरी राहते. शाळा बुडते. छप्पर कसलं बघता?”

आकडे हाताने हलवून बघायची कल्पना काही नवी नाही. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला स्टॅनफर्डच्या कणत्वरक केंद्रात जॉन ट्युकी आणि सहकाऱ्यांनी प्रिम-9 नावाची यंत्रणा उभी केली होती. नऊ मितींपर्यंतचा ठिपक्यांचा ढग पडद्यावर फिरवायचा, त्यातला एखादा भाग वेगळा काढायचा, बाकीचा झाकायचा. म्हणजे फिरवणं आणि गट पाडणं तेव्हाच एका पडद्यावर आलं होतं. पण तिथे माणूस फक्त बघण्याची दिशा बदलत होता. ताईंना ठिपकाच हलवायचा होता.

अशी साधनं आज आहेत. त्यांतलं गणित उलट्या दिशेने चालतं. एरवी प्रत्येक रकान्याला एक वजन असतं, म्हणजे त्याला किती महत्त्व द्यायचं ते, त्यावरून अंतरं निघतात, अंतरांवरून जागा ठरतात. इथे तुम्ही दोन ठिपके ओढून जवळ ठेवता आणि यंत्र शोधतं, की कुठल्या रकान्यांची वजनं किती केली तर हे दोन खरोखर जवळ येतील. मग त्या वजनांनी सगळा नकाशा पुन्हा मांडतं. ताईंनी ते दोन ठिपके ओढून शेजारी ठेवले. पाण्याची वेळ आणि बाईच्या कामाचं अंतर या रकान्यांची वजनं वर गेली, छप्पर आणि खोल्या खाली आल्या. आणि त्यांनी हातही न लावलेल्या आणखी काही वस्त्या आपापल्या जागा सोडून त्या दोघींकडे सरकल्या. ताई वाकून नावं वाचायला लागल्या. “ही बरोबर. हीपण. ही कशी काय आली? असेल बाई, तिकडे गेले नाही मी कधी.” जिथे त्या गेल्या नव्हत्या, ते नाव मी लिहून घेतलं.

मला त्या दुपारी खरा आनंद झाला, तो यंत्राच्या हुशारीचा नव्हता. ताईंनी ‘वजन’ हा शब्द न उच्चारता वजनं बदलली होती, आणि यंत्राने त्यांचं म्हणणं रकान्यांच्या नावांनी परत सांगितलं होतं. ‘तुम्हाला पाण्याची वेळ महत्त्वाची वाटते, बरोबर?’ असं. त्यांना ते नाकारता येत होतं.

गंमत लगेच पुढे झाली. ताईंनी आणखी एक ठिपका, पार दुसऱ्या टोकाचा, उचलून त्याच घोळक्यात टाकला. वजनांची उलथापालथ झाली. कर्ज खाली, शाळा वर, आणि मघाशी शहाण्यासारखे जमलेले ठिपके दाही दिशांना पांगले. “हे काय झालं?” ताई म्हणाल्या. मी विचारलं, ही वस्ती त्या दोघींसारखी आहे का? “छे हो. ती वेगळीच आहे. पण तिथे आमचाच गट काम करतो ना, म्हणून आमच्यात टाकली.”

एकच हालचाल, आणि तिचे दोन अर्थ. पहिल्या वेळी त्यांना ‘या सारख्या आहेत’ असं म्हणायचं होतं, दुसऱ्या वेळी ‘ही आमची आहे’ असं. पहिलं अंतराबद्दलचं विधान, दुसरं सभासदत्वाबद्दलचं. मिती कमी करणाऱ्या यंत्राने पहिलं ऐकायचं असतं, गट पाडणाऱ्या यंत्राने दुसरं. आणि दोन्ही एकाच पडद्यावर जोडलेली असली की बोटाने ओढलेला ठिपका कुणाच्या वाट्याला जायचा? व्हर्जिनिया टेकमधल्या जॉन वेन्स्कोविच, ख्रिस नॉर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये या दोन यंत्रांची जोडणी किती तऱ्हांनी करता येते याची पद्धतशीर मांडणी केली. आधी कोण, नंतर कोण, की दोघं एकमेकांना सुधारत जाणार, आणि माणसाची हालचाल नेमकी कुणी ऐकायची. ती वाचताना मला हे सगळं जरा पुस्तकी वाटलं होतं. ताईंनी अर्ध्या मिनिटात त्याचा प्रयोग करून दाखवला.

आम्ही तोडगा काढला तो अगदी बाळबोध होता. ठिपका ओढला तर सारखेपणा. ठिपक्यावर बोट दाबून रंग बदलला तर सभासदत्व. त्याने वजनं हलणार नाहीत. म्हणजे ‘आमची’ वस्ती लांब राहूनही भगवी होऊ शकते. नकाशा त्यामुळे थोडा विस्कळीत दिसतो. मला तो तसाच हवा आहे.

संस्थेला पैसे देणाऱ्यांना तो तसा नको होता. त्यांना पाच रंग हवे होते, प्रत्येक रंगाचं एक नाव, आणि कुठलाही ठिपका बिनरंगाचा नको. एका बैठकीत कुणीतरी सुचवलं की चित्र टी-स्नीचं काढा, गट छान सुटे दिसतील. दिसले असते, यात शंका नाही. ताईंनी तिथे तोंड उघडलं नाही, पण बाहेर आल्यावर म्हणाल्या, “पाच नावं काय, मी आत्ता देते. पण त्यातल्या तीन वस्त्यांना दोन-दोन नावं लागतील.” शेवटी अहवालात पाच रंग गेले आणि काही ठिपके करडे राहिले. वजनांचा तक्ताही सोबत जोडला, कुणाच्या सांगण्यावरून कुठलं वजन बदललं त्यासकट. तो तक्ता कुणी वाचला असेल असं मला वाटत नाही.

आता नवा पेच आहे. पुणे महापालिकेच्या हद्दीत 2017 मध्ये 11 गावं आली आणि 2021 मध्ये आणखी 23. वाघोली, नऱ्हे, मांजरी, सूस, किरकटवाडी वगैरे. तिकडच्या काही भागांचं सर्वेक्षण नुकतंच हातात आलंय. आमच्या अर्जात ‘पाणी किती वाजता येतं’ असा रकाना आहे, आणि तिकडच्या बऱ्याच ओळींत उत्तर आहे ‘टँकर’. ती वेळ नव्हे, तो निराळाच प्रकार आहे. त्यासाठी नवे रकाने हवेत: टँकर पालिकेचा की खासगी, आठवड्यातून किती, पैसे कोण देतं. रकाने वाढले की अवकाश बदलतं, अवकाश बदललं की अक्ष बदलतात. मी नव्या ओळी घालून नकाशा पुन्हा काढला, तर नवी गावं एका कोपऱ्यात गेली आणि बाकी अख्खं जुनं शहर दुसऱ्या कोपऱ्यात एका मुठीत गोळा झालं. पीसीएचं त्यात चुकलं नाही. सर्वांत मोठा पसारा आता खरोखरच नळ आणि टँकर यांच्यामधला आहे.

ताईंनी ते बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, “आमच्या वस्त्या का हलल्या? आमच्यात तर काही बदललं नाही.”

दोन उपाय आहेत. जुने ठिपके जुन्या जागी खिळवून ठेवायचे आणि नवे त्यांच्या हिशेबाने जमतील तिथे बसवायचे. मग टँकरचा फरक नकाशावर उमटणारच नाही, कारण जुन्या अक्षांना टँकर ठाऊक नाही. किंवा सगळं नव्याने मांडायचं. मग ताईंनी दुपारभर बसून ठरवलेला पाण्याच्या वेळेचा बारीक फरक त्या मुठीत दिसेनासा होतो. सध्या मी दोन नकाशे शेजारी-शेजारी ठेवलेत. एकातला ठिपका दाबला की दुसऱ्यातलाही उजळतो. ताई म्हणतात, दोन नकाशे बैठकीत चालणार नाहीत. बैठक पुढच्या शनिवारी आहे. तोपर्यंत त्यांनी वाघोलीतल्या बायांचे फोन नंबर मागवलेत.